पाणी बसेपर्यंत

४ एप्रिल

फोटोवाल्या महाशयांना, पंपघरातून.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी पडलेलं नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही आणि मी हळवीबिळवी झालेली नाही. बाबा गेल्यावर तू म्हणालास, ताई, हे कारंजं सोड आणि माझ्याकडे चल. मी म्हणाले, तू पाना टाकून कॅमेरा उचललास तसं मला जमायचं नाही. तेव्हापासून आपण एकमेकांशी चकार शब्द बोललेलो नाही, आणि ते तसंच राहायला माझी हरकत नाही. पण एक कामाचं विचारायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. उत्तरही कामापुरतंच दे.

चौकातल्या पुस्तकवाल्याने यंदा दुकानात एक कॅलेंडर लावलंय. परवा त्याने पान उलटलं तर एप्रिलवर आपलं कारंजं, आणि खाली बारीक अक्षरांत तुझं नाव. मला हाक मारून कौतुकाने दाखवायला लागला. मी जवळ जाऊन बघितलं. बाबांनी ज्या धारा काचेच्या कांड्यांसारख्या उभ्या केल्या, त्यांच्या जागी नुसता धूर. प्रेशर गेलेलं कारंजंसुद्धा इतकं वाईट दिसत नाही.

मग मी काय केलं असेल? पंप बंद केला आणि सगळ्या तोट्या काढल्या. आधी बाहेरच्या कड्याच्या, मग मधल्या. एकेक तोटी गरम पाण्यात घातली, तारेने टोकरली, उजेडाकडे धरून आरपार पाहिली. गाळणी उपसली. पंपाचं वॉशर बदललं, ते बिचारं धडधाकट होतं. चौक कोरडा बघून लोक चौकशी करायला लागले. सगळं परत बसवलं, पंपघराच्या दाराबाहेरचं पाण्याचं चाक उघडलं, तर धारा जशा होत्या तशाच. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की कॅलेंडरचा फोटो गेल्या वर्षीचा असणार. हसू नकोस. पण मग हा बिघाड गेल्या वर्षी झाला आणि मला कळला नाही?

बाबांचा नियम मी अजून पाळते. चाक उघडलं की त्यावर हात ठेवून उभं राहायचं, नळाची थरथर एकसारखी होईपर्यंत, म्हणजे पाणी बसेपर्यंत. हलायचं नाही, आणि चाकावर हात असलेल्या माणसाला कुणी हाक मारायची नाही. तुला आठवतं, तू पायरीवरून पडून गुडघा फोडून घेतलास आणि बाबांचं पाणी बसेपर्यंत गप्प उभा राहून मग रडलास? असा नियम पाळणाऱ्या घरात धारेचा धूर होतो आणि चाकावरच्या हाताला पत्ता लागत नाही, हे मला पटत नाही. तर सांग, त्या दिवशी पाण्याला काय झालं होतं?

फोटोत चौकात एकही माणूस नाही. म्हणजे तू भल्या पहाटे, कुणी उठायच्या आत येऊन गेलास. बरं केलंस. नाहीतर कुणाची गाठ पडली असती. असो, ते कामाचं नाही.

पंपघरातली बाई

१२ एप्रिल

महाशय,

पत्राला पार्सलने उत्तर देणारा जगात तूच असशील. कॅमेरा पोचला. फुटलेला नाही. आतली चिठ्ठी अशी: ‘ताई, बिघाड पाण्यात नाही. शटर किती वेळ उघडं ठेवलं, त्यात आहे. स्वतः करून बघ.’ एवढं लिहायला तुला जड गेलं असेल, शाई किती महागलीय.

मी करून बघितलं. पहिला दिवस फुकट गेला, कारण त्या चकतीवरचे आकडे मी उलटे समजले. मला वाटलं पाचशे म्हणजे जास्त आणि दोन म्हणजे कमी. प्रत्येक फोटो माझ्या अंदाजाच्या नेमका उलटा यायचा. मग कळलं की पाचशे म्हणजे सेकंदाचे पाचशे तुकडे करून त्यातला एक. म्हणजे आकडा मोठा, वेळ लहान. हे चिठ्ठीत लिहिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?

एकदा ते समजल्यावर मात्र मला सोप्पं वाटायला लागलं. हे तर आपलंच काम आहे. चाक उघडायचं, उजेड आत येऊ द्यायचा, चाक बंद करायचं. बादली पुरेशी भरली की फोटो. जास्त वेळ उघडं ठेवलं तर बादली भरून वाहते आणि सगळं पांढरंफटक. कमी उघडलं तर तळालाच पाणी, सगळा अंधार.

आता ऐक. चकती सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवून मी धारेचा फोटो काढला, आणि त्यात धार नव्हती. मणी होते. सुटे, गोल, एकमेकांना न चिकटलेले, काही तर मध्येच चपटे झालेले. आयुष्यभर मी ज्याला काचेची कांडी म्हणत आले ती वर गेल्यावर कांडी नसतेच, नुसती तुटलेल्या माळेसारखी असते. बाबांना हे ठाऊक असेल का? त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मग आकडा कमी करत गेले. मण्यांच्या रेघा झाल्या, रेघांचे धागे झाले. कुठल्याच फोटोत मला रोज दिसतं ते कारंजं सापडलं नाही. मग माझे डोळे कितीच्या आकड्यावर आहेत? हे तुला माहीत असेल तर सांग. मला हा प्रश्न सुटतच नाहीये, पंपाला तेल घालतानासुद्धा डोक्यात तोच.

पण तुझ्यासारखा धूर काही मला जमला नाही. तेवढा वेळ शटर उघडं ठेवलं की दिवसाउजेडी बादली वाहते.

आता वाईट बातमी. पुस्तकवाल्याचं कौतुक संपलं. बाहेरच्या मांडणीवरची पुस्तकं ओली होतात अशी त्याची जुनी कुरबुर होतीच, आता त्याने तुझंच कॅलेंडर समितीपुढे नेऊन ठेवलं. बघा म्हणे, भावानेच काढलंय, पाणी कुठवर पसरतं ते. चौकाच्या समितीच्या अध्यक्षीणबाई दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांना उपटण्याची सवयच. कारंजं बंद करून तिथे फुलझाडांच्या कुंड्या ठेवायचा विचार आहे. सव्वीस तारखेला बैठक. कारंजं बंद म्हणजे पंपघर बंद, आणि पंपघरावरची आपली खोलीही. मी त्यांना सांगितलं की मी रोज तिथे उभी असते, फुटपाथवर एक थेंब पडलेला मी पाहिलेला नाही. माझे मण्यांचे फोटोही तेच सांगतात. ढीगभर काढलेत, एकातही पाणी कारंज्याच्या कुंपणाबाहेर नाही. आता ये म्हणावं पुस्तकवाल्याला.

पंपघरातली बाई

१९ एप्रिल

धाकट्या,

जमला. धूर जमला.

तू काळी काच वापरत असणार हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. बादली फार लवकर भरते तर नळाला बारीक तोटी लावायची, इतकं साधं आहे. माझ्याकडे वेल्डिंगच्या टोपाची काच होतीच. ती रबरबँडने कॅमेऱ्याच्या तोंडावर बांधली. कॅमेरा हातात धरून उपयोग नाही, म्हणून पाइप पकडायचा शिकंजा खिडकीत ठेवून त्यात कॅमेरा आवळला, खाली फडकं घालून. तुझ्या कॅमेऱ्याला चरा पडलेला नाही, जवळजवळ. फोटो हिरवागार आला, वेल्डिंगची काच म्हटल्यावर दुसरं काय होणार. पण आला. शटर मनात सावकाश अंक मोजत उघडं ठेवलं आणि माझ्या डोळ्यांदेखत धारांचा कापूस झाला. सुंदर आहे रे. हे मी तुझ्या तोंडावर म्हणाले नसते.

दोन गोष्टी बघितल्या, आणि दोन्ही मला जरा जड गेल्या.

एक म्हणजे, फोटो काढला तेव्हा चौकात ही गर्दी होती. शाळा सुटलेली, दुकानं उघडी, सायकली, छत्र्या, सगळं. फोटोत कुणी नाही. पुसून टाकल्यासारखं. फक्त दिव्याचा खांब, बाक आणि बाकाखाली झोपलेलं पुस्तकवाल्याचं कुत्रं, तेही शेपूट सोडून. मी आधी म्हटलं कॅमेरा बिघडला. मग कळलं, जो थांबत नाही तो उमटत नाही. म्हणजे तू पहाटेच आला होतास असं काही नाही. तू भरल्या चौकात, भर दिवसा उभा होतास. मग मला दिसला कसा नाहीस? हा कामाचा प्रश्न नाही, तरी विचारते.

दुसरी गोष्ट अशी की कापूस सरळ नाही. तो पुस्तकाच्या दुकानाकडे कलतो. आधी विश्वास बसला नाही, म्हणून पुन्हा काढला, आणखी काढले. प्रत्येक वेळी एक पातळ पांढरा पदर कुंपण ओलांडून त्या मांडणीपर्यंत जातो. मग आधीचे मण्यांचे फोटो पुढ्यात घेऊन एकेक नीट बघितले. एकात, अगदी कडेला, पुस्तकांच्या वर एक मणी लटकलेला. एकच. चोरी करताना पकडल्यासारखा. कोपऱ्यावर ती नवी उंच इमारत झाली ना, तिच्या अंगाला घासून वारा मध्येच वळतो आणि घोटभर पाणी तिकडे नेतो. लगेच थांबतो. मी बघते तेव्हा काही नसतं. पण दिवसभर थोडं थोडं करून जातंच.

मी दुकानात गेले, पुस्तकं बघायच्या निमित्ताने. मांडणीच्या कडेचं एक उचललं. पुठ्ठा हाताला फुगलेला लागला. डोळ्यांशी मी वाद घालीन, पण या हाताने मी इतकी वर्षं चाक धरलंय, त्याला खोटं कसं म्हणू? पुस्तक विकत घेऊन आले. भूगोलाचं आहे. मला नकोय.

आता माझ्यापुढे दोन फोटो आहेत. एकात फुटपाथ कोरडाठणठणीत, दुसऱ्यात ओला. पहिला समितीपुढे ठेवला तर खोली राहते, कारंजं राहतं, बाबांनी ठरवलेली धारांची उंची राहते. आणि तो खोटा नाही. त्या क्षणी खरंच तसं होतं. मी पायरीवर बसून दोन्ही फोटो पुन्हापुन्हा बघते. दोन्ही खरे असतील तर मी कुठला न्यायचा? तुझ्या धंद्यात याचं काही ठरलेलं असेल तर लवकर कळव. मला खरंच माहीत नाही, आणि भीती वाटतेय.

ताई

२७ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड बैठकीच्या सकाळी मिळालं. ‘दोन्ही ने.’ एवढंच. मी पिशवीत दोन्ही भरलेलेच होते, पण तू लिहिलंस म्हणून बरं वाटलं.

बैठक दातांच्या दवाखान्यात झाली, बसायच्या खोलीत. सगळे जबडे आवळून बसलेले. मी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. अध्यक्षीणबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारलं, “यातला खरा कोणता?”

मी म्हणाले, “दोन्ही. हा मण्यांचा आहे तो पाणी आत्ता कुठे आहे ते सांगतो. हा हिरवा आहे तो पाणी कुठे कुठे जाऊन येतं ते. पुस्तकं ओली होतात ती या दुसऱ्यामुळे.”

पुस्तकवाला भांडायच्या तयारीने आला होता, त्याची पंचाईत झाली. मीच त्याची बाजू घेतल्यावर तो माझी घ्यायला लागला. कारंज्यामुळेच लोक दुकानाशी थांबतात, कुंड्यांपाशी कोण थांबणार, वगैरे. बाईंनी विचारलं, उपाय काय. मी म्हणाले, धारा खाली आणायच्या, वाऱ्याला सापडणार नाहीत इतक्या. हे मी सहजासहजी म्हणाले नाही. कारण चाकावर बाबांनी छिन्नीने केलेली खूण आहे, आणि त्या खुणेच्या खाली मी चाक कधी ठेवलेलं नाही. बाबांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या वेळी ती इमारत नव्हती.

मे महिनाभराची मुदत मिळाली आहे. पाणी कुंपणाच्या आत राहिलं तर कारंजं राहील, आणि मीही.

आज खुणेखाली चाक आणलं. धारा माणूसभर बुटक्या झाल्या. बघवत नव्हतं, मग सवय झाली. पुस्तकवाल्याचं कुत्रं भुंकलं, त्याला फरक कळला असावा.

ताई

२ मे

धाकट्या,

काल पुस्तकवाल्याने कॅलेंडरचं पान फाडलं आणि एप्रिल मला आणून दिला, मैत्रीची खूण म्हणून. मेमध्ये कुठलातरी डोंगर आहे. मी तुझा फोटो टेबलावर पसरला, तोट्या तपासायचं भिंग घेतलं आणि पदर कुंपणापासून किती लांब जातो ते बघायला लागले. कामासाठीच.

बघता बघता भिंग पंपघराच्या दारापाशी गेलं. तिथे एक काळसर डाग आहे. मी महिनाभर तो दाराची सावली समजत होते. ऊन नसलेल्या फोटोत सावली कुठली, हे कधी मनात आलं नाही.

ती मी आहे. डोक्याला रुमाल, हात चाकावर, तोंड पाण्याकडे. रुमालाच्या गाठीसकट स्पष्ट. भरला चौक सगळा पुसला गेलाय आणि मी तेवढी उमटलेय, कारण पाणी बसत होतं आणि मी हलले नाही.

मग मला समजलं की तू दुपारी आला होतास, गाळणी साफ करून मी चाक परत उघडते त्या वेळेला. ती वेळ तुला पाठ आहे. मी चाक उघडून उभी राहायची वाट बघितलीस आणि मग शटर उघडलंस. या चौकात इतका वेळ न हलणारं माणूस कोण, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शटर उघडं होतं तेवढा सगळा वेळ तू माझ्याकडे बघत होतास. आणि मी तुला लिहिलं की चोरासारखा येऊन गेलास. लिहिलं नसेल तर मनात म्हटलं होतं.

तू हाक का मारली नाहीस, हा प्रश्न मी लिहायला घेतला होता. पण उत्तर मलाच माहीत आहे. चाकावर हात असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. तू गुडघा फुटलेला असताना थांबलास, तर तेव्हा का थांबणार नाहीस? आणि पाणी बसल्यावर मी काय केलं असेल तेही मला माहीत आहे. आत जाऊन दार लावून घेतलं. रोज तेच करते, पंपाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तू रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बंद दाराकडे किती वेळ बघत होतास, ते कुठल्याच फोटोत नाही.

मला तुझी फार आठवण येते. हे वाक्य पहिल्या पत्रातच लिहायचं होतं, पण तोट्यांचं लिहीत बसले.

आता काम. चाकावर नवी खूण करायची आहे. त्याला दोन माणसं लागतात. मी चाकाशी, आणि दुसरं कुणीतरी पलीकडे दुकानाच्या पायरीवर, शटर उघडं ठेवून पदर कुठे थांबतो ते बघायला. पुस्तकवाल्याला कॅमेरा दिला तर तो कुत्र्याचेच फोटो काढत बसेल. छिन्नी धार लावून ठेवली आहे. बाबांच्या खुणेला हात लावायचा नाही, तिच्या खाली आपली करायची. खरी काळी काच घेऊन ये, मला हिरव्याचा कंटाळा आला.

ये तेव्हा दुपारीच ये. मी चाकावर हात ठेवून उभी असेन, तुझ्याकडे पाठ असेल. यावेळी हाक मार. पाणी बसलेलं नसलं तरी चालेल.

तुझी
ताई